४१२ उघडे इश्यू, ४३ लेबलं: बग, फीचरच्या मागण्या आणि आमची कामं वेगळी कशी करायची?

तक्ताकार (प्रश्न)

तक्त्यांच्या फायली बदलणारं, जुळवणारं आमचं एक कमांड-लाइन टूल आहे. कोड गिटहबवर. मेंटेनर तिघे, आणि तिघांचे मिळून आठवड्याला पाचसहा तास निघतात. उघडे इश्यू (गिटहबवर कोणीही टाकू शकतो अशा नोंदी) ४१२ झालेत आणि सगळी सरमिसळ आहे: खरे बग, "अमुक सोय द्या" अशा मागण्या, वापराबद्दलचे प्रश्न, आणि आम्हीच टाकून ठेवलेली कामं.

सध्याची मांडणी अशी. लेबलं ४३, "बग", "पक्का बग", "मेजर", "अर्जंट", "हाय प्रायॉरिटी" ही सगळी एकाच वेळी वापरात. "पुढची आवृत्ती" नावाच्या माइलस्टोनमध्ये (एका आवृत्तीसाठी निवडलेल्या इश्यूंच्या गटात) १६० इश्यू. मधे दोन आवृत्त्या येऊन गेल्या, माइलस्टोन जिथल्या तिथे. रेपोत (कोडच्या साठ्यात) एक टूडू, म्हणजे करायच्या कामांची, फाइल, शिवाय कोडमध्ये शंभरावर टूडू कमेंट. जुने इश्यू आपोआप बंद करणारा स्टेल बॉट लावला होता, पण त्याने खरे बगही बंद केले आणि तेच बग नव्या नंबराने परत आले, म्हणून काढला.

विचारायचंय ते हे: लेबलं किती आणि कोणती ठेवावीत? फीचरच्या मागण्या इश्यूतच राहू द्याव्यात की बाहेर काढाव्यात? हा ढीग कोणत्या टोकाने उपसायला घ्यायचा? आणि आमची स्वतःची कामाची यादी कुठे असावी?

गाठसोड

लेबलांचं शेवटी बघू. आधी इश्यूंची यादी आणि तुमची कामाची यादी या दोन गोष्टी मनातून वेगळ्या करा. इश्यूंची यादी ही टपालपेटी आहे. तिच्यात कोणीही काहीही टाकू शकतं, त्यामुळे ती किती लांबेल हे तुमच्या हातात नसतं. कामाची यादी तुम्ही निवडून केलेली असते आणि ती छोटीच असायला हवी. ४१२ हा आकडा अंगावर येतो तो दोन्ही एकच मानल्यामुळे.

मग प्रत्येक उघड्या इश्यूला एकच प्रश्न विचारा: पुढचं पाऊल कोणी उचलायचंय? उत्तरं मोजकीच निघतात. अजून कोणी वाचलेलंच नाही. कळवणाऱ्याकडून माहिती हवी. मेंटेनरनी हो की नाही ठरवायचंय. सगळं ठरलंय, कोणीही हाती घ्यावं, म्हणजे तयार. किंवा दुसऱ्या लायब्ररीत दुरुस्ती होईपर्यंत आपल्या हातात काही नाही. ही झाली स्थितीची पाच लेबलं, आणि प्रत्येक उघड्या इश्यूवर यातलं एक आणि एकच.

"न पाहिलेला" हे लेबल हाताने लावायचं नाही, टेम्प्लेटमधूनच (नवा इश्यू उघडताना समोर येणाऱ्या नमुन्यातून) आपोआप लागलं पाहिजे. कुबरनेटीस या मोठ्या ओपन-सोर्स प्रोजेक्टमध्ये नव्या इश्यूवर बॉट "नीड्स-ट्रायज" लावतो (ट्रायज म्हणजे आलेला इश्यू वाचून त्याची वर्गवारी करणं) आणि इश्यू स्वीकारला गेल्यावरच ते निघतं. हीच पद्धत तिघांच्या प्रोजेक्टलाही उत्तम चालते. लेबल नाही म्हणजे पाहिलेला नाही, असं धरून चाललात तर फसाल: कोणीतरी जाताजाता "विंडोज" लावतो आणि तो इश्यू कोणी न वाचताच यादीतून गायब होतो.

दुसरा गट प्रकाराचा: बग, फीचर, दस्तऐवज, अंतर्गत काम. गिटहब नव्या रेपोला नऊ लेबलं तयार देतं. त्यातली "बग", "एन्हान्समेंट", "डॉक्युमेंटेशन", "गुड फर्स्ट इश्यू" आणि "हेल्प वाँटेड" राहू द्या. "इनव्हॅलिड" काढून टाका. ज्याने तासभर खपून रिपोर्ट लिहिला त्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं ते वाटतं, आणि त्यातून कळत काहीच नाही. "वोंटफिक्स"चीही गरज उरलेली नाही, इश्यू बंद करताना "नॉट प्लॅन्ड" हे कारण निवडता येतं.

तिसरा गट भागाचा: पार्सर, एक्सपोर्ट, इन्स्टॉलेशन वगैरे. सहासात पुरे. त्या लेबलाने गाळलेली यादी कोण उघडून बघणार आहे? नाव सांगता येत नसेल तर ते लेबल नको.

नावाआधी गटाचा उपसर्ग लावा. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या रेपोत एकेका अक्षराचा उपसर्ग आहे: ए म्हणजे एरिया, सी म्हणजे कॅटेगरी, एस म्हणजे स्टेटस. त्यामुळे एका जातीची लेबलं यादीत शेजारीशेजारी येतात. गिटहबसारख्याच गिटलॅबच्या स्कोप्ड लेबलांमध्ये (ती पैसे भरून मिळणाऱ्या श्रेणीत आहेत) एक लावलं की त्याच गटातलं आधीचं आपोआप उतरतं; गिटिया आणि फोर्जेयोत ही सोय मोफत आहे. गिटहबच्या लेबलांना ती नाही. तिथे एकाच इश्यूला दोन स्थिती चिकटलेल्या निघणारच, म्हणून महिन्यातून एकदा दोन-दोन लेबलांचा एकत्र शोध लावून त्या साफ करा.

प्रायॉरिटीच्या चार-पाच पायऱ्या ठेवू नका, हे मी ठामपणे सांगेन. फावल्या वेळात काम करणाऱ्याला "हाय" म्हटल्याने तो ते आधी करतो असं होत नाही. बगझिला या बग नोंदवण्याच्या टूलमध्ये सिव्हिअरिटी आणि प्रायॉरिटी हे दोन वेगळे रकाने आहेत आणि ते बरोबर आहे. बगने नुकसान किती होतं हा एक प्रश्न, आपण तो कधी हाती घेणार हा दुसरा. तुमच्या "मेजर", "अर्जंट", "हाय प्रायॉरिटी"त दोन्हींची खिचडी झाली आहे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या बग-ट्रॅकरमध्ये सिव्हिअरिटीच्या सात पायऱ्या आहेत, क्रिटिकलपासून विशलिस्टपर्यंत. पण त्यात खरी रेघ एकच: वरच्या तीन पायऱ्या, म्हणजे क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस, रिलीज रोखतात, बाकीच्या रोखत नाहीत. तुम्ही तेवढी रेघ उचला. "रिलीज रोखणारा" असं एक लेबल करा आणि त्याची व्याख्या लिहून ठेवा: डेटा जातो किंवा चुपचाप बिघडतो, कालपर्यंत चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत मोडते, किंवा टूल इन्स्टॉलच होत नाही. तुमच्या टूलमध्ये चुपचाप बिघडणारा डेटा क्रॅशपेक्षा वाईट. क्रॅश निदान दिसतो तरी.

आता एक इश्यू हातात घेऊन बघू. शीर्षक "एक्सपोर्ट चालत नाही!!", खाली एक स्क्रीनशॉट, बाकी काही नाही.

पहिल्यांदा शोध घ्या, तोही बंद झालेल्या इश्यूंसकट. कळवणारा बऱ्याचदा जुन्या आवृत्तीवर असतो आणि त्याचा बग केव्हाच दुरुस्त होऊन बंद झालेला असतो. सापडला नाही तर एकच ठोस गोष्ट मागा: "ज्या फाइलवर हे होतं तिच्या तीन ओळी आणि चालवलेली कमांड, दोन्ही मजकूर म्हणून चिकटवा." पाच गोष्टी मागितल्या की दोन येतात, त्याही चुकीच्या. उत्तर आल्यावर कळतं की एका रकान्यातल्या मजकुरात मधेच नवी ओळ आहे. सीएसव्हीत असा मजकूर दुहेरी अवतरणात टाकावा लागतो आणि टूल तो तसा टाकत नाही.

लगेच शीर्षक बदला: "सीएसव्ही एक्सपोर्ट: मजकुरात नवी ओळ असली की पुढचे रकाने खालच्या ओळीत घसरतात, २.४.० पासून". कोणता भाग, कधी, काय होतं, कोणत्या आवृत्तीपासून, हे सगळं एका ओळीत आलं. याच अडचणीत सापडलेला पुढचा माणूस "रकाने" किंवा "नवी ओळ" असंच शोधणार. "चालत नाही" या शीर्षकाखाली त्याला हा इश्यू जन्मात सापडला नसता आणि त्याने नवा उघडला असता. डुप्लिकेट कमी करायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. मूळ मजकुराला हात लावू नका, फक्त त्याच्या वर दोन ओळींचं सार आणि ती तीन ओळींची फाइल टाका. मग लेबलं: बग, एक्सपोर्ट, तयार, रिलीज रोखणारा. पाच मिनिटांचं काम.

उलटतपासणी

गाठसोड यांच्याशी एका जागी असहमत. "तयार" हे लेबल ट्रायज करणाऱ्याने बग स्वतःच्या मशीनवर पाहिल्याशिवाय लावू नये. कळवणाऱ्याने दिलेली फाइल बघून अंदाज बांधणं वेगळं, घडताना पाहणं वेगळं. जँगो या वेब-फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टमध्ये पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) "रेडी फॉर चेकइन", म्हणजे कोडमध्ये घ्यायला तयार, असा जाहीर करणारी व्यक्ती पॅच लिहिणाऱ्यापेक्षा वेगळीच असावी लागते. तोच नियम बगच्या खात्रीलाही लावा: दुसऱ्या माणसाने घडवून पाहिला तर तो पक्का.

बाकी निम्मं ट्रायज फॉर्मच करून टाकतो. इश्यू-टेम्प्लेटच्या फोल्डरात यॅमल (साध्या मजकुरात लिहायची सेटिंगची पद्धत) फॉर्म ठेवा. सक्तीचे रकाने पाचच: आवृत्ती, चालवलेली कमांड, लहानात लहान फाइल, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सहावा ऐच्छिक आणि फार मोलाचा: आधीच्या आवृत्तीत चालत होतं का? हो, नाही, पाहिलं नाही. पंधरा रकाने सक्तीचे केले तर लोक एकेक टिंब टाकून पुढे जातात. "मी आधी शोधून पाहिलं आहे" हा चौकोन तर ठेवूच नका, तो सगळेच टिकमार्क करतात.

आवृत्तीसाठी निवडयादी नको, लिहिण्याची जागा द्या आणि खाली सांगा: "व्हर्जन दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट जसंच्या तसं इथे टाका." निवडयादी प्रत्येक रिलीजला बदलावी लागते आणि बदलायची राहून जाते.

लॉगच्या रकान्याला "रेंडर" हा गुणधर्म द्या, म्हणजे चिकटवलेला मजकूर आपोआप कोडच्या चौकटीत जातो. यामागे एक त्रासदायक कारण आहे. डीबगरच्या स्टॅक ट्रेसमध्ये (प्रोग्रॅम कोणत्या फंक्शनांतून जाऊन अडकला त्या यादीत) प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हॅश आणि आकडा असतो. तो उघडा मजकूर म्हणून चिकटवला की गिटहब त्याला इश्यूचा नंबर समजतं आणि इश्यू १, २, ३, ४ यांच्या खाली "इथे उल्लेख झाला" अशी नोंद पडते. जुन्या प्रोजेक्टमधला पहिला इश्यू उघडून बघा, तळाशी अशा नोंदींची रांग लागलेली दिसेल.

लॉगमध्ये कोणी पासवर्ड किंवा टोकन टाकलं तर कमेंट बदलून भागत नाही. बदलाचा इतिहास सगळ्यांना दिसतो, तिथली ती जुनी प्रत वेगळी पुसावी लागते. तोवर ईमेल गेलेले असतात, म्हणून ते टोकन रद्द करा असं कळवणाऱ्याला ताबडतोब सांगा.

टेम्प्लेटच्या कॉन्फिग फाइलमध्ये रिकामा इश्यू उघडण्याची सोय बंद करा आणि दोन दुवे द्या. वापराबद्दलचे प्रश्न डिस्कशन्स या गिटहबच्या चर्चा-विभागाकडे, सुरक्षेची भोकं खाजगी रिपोर्टिंगकडे (रेपोच्या सेटिंगमध्ये ते सुरू करावं लागतं). उघड्या इश्यूवर "सिक्युरिटी" लेबल लावणं म्हणजे दरवाजा उघडा असल्याची पाटी लावणं. फॉर्म फक्त वेबवर लागू होतो हेही लक्षात असू द्या. कमांड-लाइनने किंवा एपीआयने आलेला इश्यू फॉर्म चुकवून येऊ शकतो, आणि त्याला टेम्प्लेटचं लेबल लागत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा "लेबल नसलेले" असाही शोध लावा.

रिग्रेशनचं (आधी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत मोडते त्याचं) लेबल मात्र वेगळंच हवं, आणि तो ढीग नेहमी सगळ्यात आधी. लिनक्स कर्नलमध्ये रिग्रेशनचा माग ठेवायला रेग्झबॉट नावाचा स्वतंत्र बॉट आहे. कारण तांत्रिक आहे: रिग्रेशनमध्ये चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती अशी दोन टोकं हातात असतात, आणि गिट बायसेक्ट दर वेळी मधला कमिट (कोडमधल्या एका बदलाची नोंद) तपासत अंतर निम्मं करतं. हजार कमिट असले तरी साधारण दहा चाचण्यांत दोषी कमिट सापडतो. चाचणीची स्क्रिप्ट असेल तर "बायसेक्ट रन" हे आपोआप करतं. स्क्रिप्टने चांगल्यासाठी ० आणि वाईटासाठी १ परत द्यावा. एखादा कमिट बिल्डच होत नसेल तर १२५ द्यायचा, म्हणजे तो वगळला जातो. हा १२५ विसरला की बिल्ड न होणारा कमिट वाईट धरला जातो आणि भलत्याच कमिटवर बोट ठेवलं जातं. कळवणाऱ्याला मात्र बायसेक्ट करायला सांगू नका. मागच्या दोनतीन रिलीज लावून बघायला सांगा, तेवढं कोणालाही जमतं.

मोजपट्टी

फीचर आणि जुना ढीग यांबद्दल लिहितो.

फीचरच्या मागण्या डिस्कशन्समध्ये, स्वीकारल्यावरच इश्यू. बग कधी संपला हे सांगता येतं: चाचणी पास झाली, संपला. मागणीला असा शेवट नसतो, तिच्यावर तीन वर्षं बोलता येतं, आणि दोन्ही एका यादीत असल्या की मागण्या बगांना झाकून टाकतात. उघड्या इश्यूचं डिस्कशनमध्ये रूपांतर करायची सोय आहेच. कमेंट आणि प्रतिक्रिया सोबत जातात, मूळ इश्यू बंद होऊन कुलूपबंद होतो. मागणी स्वीकारलीत तर नवा कोरा इश्यू उघडा आणि काय करायचं ठरलं ते त्यात दहा ओळींत लिहा. ऐंशी कमेंटच्या जुन्या चर्चेतून नेमकं काय ठरलं हे कोड लिहायला बसलेल्या माणसाने उकलत बसू नये.

मागणीच्या फॉर्ममध्ये पहिला रकाना "कोणतं काम अडतंय?", दुसरा "सध्या ते कसं करता?", आणि सुचवलेला उपाय तिसरा. "एक्सेल एक्सपोर्ट द्या" अशी मागणी घ्या. खोदून विचारलं तर अडचण निघते ती अशी की सीएसव्ही उघडताना एक्सेल खाते क्रमांकांच्या सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं. त्यावर कदाचित अर्ध्या पानाचा दस्तऐवज पुरेल. उपाय आधी आणि अडचण नंतर विचारली तर तुम्ही दोन महिने एक्सेलचा एक्सपोर्ट लिहाल.

थम्स-अप मोजा, पण मतदान म्हणून नको. जे लोक गिटहबवर येतच नाहीत ते तिथे कधीच मोजले जात नाहीत. तरी क्रम लावायला ते चांगले, आणि "+१" अशा कमेंटपेक्षा तर हजारपट चांगले, कारण प्रत्येक कमेंटचा ईमेल सगळ्यांना जातो. आकड्याचा नियम करायचा तर आधी जाहीर करा. व्हीएस कोड या एडिटरचा नियम उघड लिहिलेला आहे: मागणी उमेदवार ठरली की ६० दिवस, त्यात २० थम्स-अप आले तर बॅकलॉगमध्ये, नाहीतर बंद. तुम्हाला २० फार होतील. पाच ठेवा, पण लिहून ठेवा.

"नाही" म्हणायला शिका आणि त्याचं कारण एका जागी ठेवा. पायथनच्या पेप दस्तऐवजांमध्ये (भाषेत सुचवलेल्या बदलांचे प्रस्ताव) नाकारलेले पेपही कारणांसकट जपलेले आहेत, म्हणून तीच मागणी पुन्हा आली की दुवा देऊन भागतं. तुमच्यासाठी "व्याप्ती" नावाची एक फाइल पुरे: हे टूल काय करणार नाही, पाचसहा ओळी. मागणी बंद करताना तिचा दुवा आणि एक प्रामाणिक वाक्य: "हे उपयोगी आहे, पण आम्ही तिघे ते सांभाळू शकणार नाही, प्लगिन म्हणून कोणी केलं तर इथून दुवा देऊ." वर्षभर झुलवत ठेवण्यापेक्षा त्या माणसाला हे बरं वाटतं.

आता ४१२. सगळं एकदम बंद करून पाटी कोरी करायचा मोह होईल, तो टाळा. तुमच्या बॉटने तेच केलं होतं. इश्यूला सरासरी पाच मिनिटं धरली तर ४१२ गुणिले ५ म्हणजे २०६० मिनिटं, सुमारे ३४ तास. आठवड्याला दोन तास बाजूला काढले तर १७ आठवडे. डोंगर नाही, चार महिन्यांचं काम आहे.

क्रम नव्याकडून जुन्याकडे. गेल्या दोन महिन्यांतले आधी, कारण कळवणारा अजून त्याच प्रश्नाशी झगडतोय आणि त्याच दिवशी उत्तर देईल. मग थम्स-अपच्या क्रमाने पहिलं पान, म्हणजे २५ इश्यू, आणि त्यांचे डुप्लिकेट. दोन वर्षांहून जुने शेवटी: फाइल दिली असेल तर सध्याच्या आवृत्तीवर चालवून बघा, दिली नसेल तर "माहिती हवी" लावून एक कमेंट. लेबल बदलल्याचा ईमेल जात नाही, पण कमेंटचा आणि बंद केल्याचा जातो. म्हणून दिवसाला वीस-पंचवीसच हाताळा. दोनशे ईमेल एका संध्याकाळी गेले तर लोक रेपोच्या सूचनाच बंद करतात, आणि पुढे खरोखर मदत हवी असते तेव्हा ते तिथे नसतात.

स्टेल बॉट चुकतो कुठे, तर तो शांतता मोजतो. नीट लिहिलेल्या बगवर कोणी बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलेलंच नसतं, त्यामुळे उत्तम रिपोर्ट आधी मरतो आणि "काय झालं याचं?" असं दर महिन्याला विचारलं जाणारा इश्यू जगतो. गिटहबच्या स्टेल ॲक्शनची (आपोआप चालणाऱ्या तयार बॉटची) मूळ मुदत ६० दिवस आणि मग ७ दिवस. कुबरनेटीस ९०, मग ३०, मग ३० अशा तीन पायऱ्या देतं आणि "फ्रोझन" लेबल लावलेल्यांना सोडून देतं. तुमच्याकडे तो बॉट फक्त "माहिती हवी" या लेबलापुरता बांधा: ३० दिवस उत्तर नाही तर आठवण, आणखी १४ दिवसांनी बंद. कळवणाऱ्याने कमेंट केली की ते लेबल उतरवणारी वेगळी ॲक्शन सोबत हवीच. पुल रिक्वेस्टसाठी (कोणी पाठवलेला, कोडमध्ये घ्यायचा बदल) दिवस उणे १ करा, म्हणजे त्यांना बॉट शिवणार नाही. आणि पहिल्यांदा "डीबग-ओन्ली" लावून चालवा. काय बंद केलं असतं ते लॉगमध्ये दिसतं, प्रत्यक्षात काही हलत नाही.

आणखी एक. रेपो वैयक्तिक खात्यावर असेल तर ऑर्गनायझेशनकडे हलवा. तिथे "ट्रायज" अशी भूमिका देता येते: लेबलं लावता येतात, इश्यू बंद-उघड करता येतात, कोडला हात लावता येत नाही. नेमाने चांगले रिपोर्ट लिहिणारे दोघेतिघे वापरकर्ते तुमच्याकडे असतीलच, त्यांना विचारा. नवी लेबलं तयार करायची मुभा या भूमिकेला नसते, त्यामुळे लेबलं पुन्हा ४३ वर जाणार नाहीत.

तक्ताकार

खूप नेमकं मिळालं, आभार. टेम्प्लेट आणि डिस्कशन्सपासून सुरुवात करतोय. दोन गोष्टी राहिल्या. कोडमधले टूडू, टूडू फाइल आणि तो १६० चा माइलस्टोन, यांचं काय करू? आणि "मी हे करतो" म्हणून नाव लावून घेणारे लोक महिनोन्‌महिने फिरकत नाहीत, तोवर दुसरं कोणी हात लावत नाही.

गाठसोड

टूडू फाइल आधी काढा. तिच्यावर चर्चा होत नाही, ती कोणाला सापडत नाही, आणि दोघांनी एकाच वेळी ओळ वाढवली की मर्जमध्ये अडकते. तिच्यातल्या ज्या ओळीसाठी इश्यू उघडायचा कंटाळा येईल ती ओळ करायची नव्हतीच, खोडून टाका. वापरणाऱ्यांना दिशा दिसावी म्हणून "पुढे काय" असा एक इश्यू यादीच्या वर पिन करा. पिन तीनच करता येतात, त्यातलं एक यासाठी राखा.

कोडमधले टूडू गिट ग्रेपने (कोडमध्ये शब्द शोधणारी कमांड) बाहेर काढा. तीन प्रकार दिसतील. "इथे रिकामी फाइल आली तर फुटेल" हा बग आहे, त्याचा इश्यू करा. "हे नीट लिहायला हवं" याला काही अर्थ नाही, काढा. गिट ब्लेमने (ओळ कोणी, केव्हा लिहिली ते दाखवणारी कमांड) तारीख बघितलीत तर हात थरथरणार नाही. "पायथनच्या अमुक आवृत्तीचा आधार सोडला की ही ओळ काढा" हा चांगला टूडू, कारण त्याला अट आहे आणि ती त्याच ओळीशी बांधलेली आहे. तो ठेवा, शेजारी इश्यूचा नंबर लिहा. यापुढे नंबर नसलेला टूडू सीआयने (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांनी) अडवावा, पण तपासणी पुल रिक्वेस्टमध्ये नव्याने आलेल्या ओळींपुरतीच ठेवा. पूर्ण कोडवर लावली तर जुने शंभर टूडू पहिल्याच दिवशी सगळ्यांची वाट अडवतील आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी ती तपासणीच बंद करेल.

माइलस्टोन रिकामा करा. १६० च्या १६०. काही हरवत नाही, स्थितीची लेबलं इश्यूवर आहेतच. "पुढची आवृत्ती" हे नावच घातक, कारण पुढची आवृत्ती कधीच मागची होत नाही. माइलस्टोनला आवृत्तीचा आकडा आणि तारीख द्या. एक इश्यू एकाच माइलस्टोनमध्ये राहू शकतो, म्हणून तिथे घालणं म्हणजे वचन. मागच्या दोन रिलीजमध्ये प्रत्यक्षात किती इश्यू संपले ते मोजा आणि त्याहून जास्त घालू नका. रिलीज झाल्यावर उरलेले पुढच्या माइलस्टोनमध्ये उचलून टाकू नका. बाहेर काढा आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून निवडा. जे दोनदा निवडलं जात नाही ते तुम्हाला करायचं नाहीये, तसं त्या इश्यूवर लिहा.

हीच ती कामाची यादी. तिघांच्या प्रोजेक्टला बोर्डावर तीन रकाने पुरतात: निवडलेलं, चालू, तपासायला. "चालू"त माणशी दोनच.

रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांसाठी: नाव लावायचं ते मसुदा पुल रिक्वेस्ट आल्यावर. तोवर उत्तर एकच, "विचारायची गरज नाही, सुरू करा." आधीच नावं लागली असतील तर १४ दिवस हालचाल नाही म्हणून विचारा, आणखी ७ दिवसांनी नाव काढा, "परत यायला केव्हाही मोकळे आहात" असं लिहून. नियम योगदानाच्या फाइलमध्ये आधीपासून लिहिलेला असला की कोणाला अपमान वाटत नाही.

नवख्यांसाठीच्या इश्यूत कोणती फाइल, कोणतं फंक्शन, कोणती चाचणी लिहायची आणि चाचण्या कशा चालवायच्या एवढं असायला हवं. एवढं लिहिणार नसाल तर "गुड फर्स्ट इश्यू" लावू नका. रिलीज रोखणाऱ्यावर तर कधीच नाही, नवखा माणूस तारखेच्या ओझ्याखाली पळून जातो.

उलटतपासणी

इश्यू बंद होण्याबद्दल एक जोड, कारण ढीग तिथूनही परत वाढतो.

पुल रिक्वेस्टमध्ये "फिक्सेस" आणि नंबर लिहिला की मर्ज झाल्यावर इश्यू आपोआप बंद होतो, पण फक्त मुख्य शाखेत मर्ज झाला तरच. तुम्ही आधी डेव्हलप शाखेत मर्ज करत असाल तर दुरुस्त झालेले इश्यू उघडेच राहतात. तुमच्या ४१२ मध्ये असे किती आहेत ते आधी बघा, फुकटात कमी होतील. एका पुल रिक्वेस्टने दोन इश्यू मिटत असतील तर "फिक्सेस" हा शब्द प्रत्येक नंबराआधी लिहावा लागतो. स्वल्पविराम देऊन दुसरा नंबर लिहिला तर पहिलाच बंद होतो. अर्धवट दुरुस्तीसाठी "पार्ट ऑफ" लिहा. आणि "याने अमुक नंबर फिक्स होत नाही" असं इंग्रजीत सरळ लिहू नका, गिटहबला नकार कळत नाही. शब्द आणि नंबर शेजारी दिसले की ते इश्यू बंद करून टाकतं.

दुसरं, मर्ज आणि रिलीज यांच्यात महिना-दोन महिने जातात. त्या काळात इश्यू बंद दिसतो आणि वापरणाऱ्याकडे बग तसाच असतो, म्हणून तो नवा उघडतो. बंद होताना "दुरुस्ती २.४.१ मध्ये येईल" एवढी एक ओळ टाका, आणि रिलीज झाली की त्या माइलस्टोनच्या प्रत्येक बगवर "२.४.१ मध्ये आली" अशी दुसरी. ही दुसरी ओळ रिलीजच्या स्क्रिप्टमधूनच टाकता येते. माइलस्टोन आवृत्तीच्या आकड्याने असल्यामुळे स्क्रिप्टला शोधत बसावं लागत नाही.